वारुळासारखी शाळा

वालूरच्या ईश्वरअप्पांनी हैदराबादेत इमारतकाम शिकून सरकारी नोकरी धरली, पण ती फार दिवस टिकली नाही. साहेबाला नक्षीच्या कमानी हव्या होत्या, आणि अप्पांचा जीव वारुळात अडकलेला. भर वैशाखात वारुळाच्या पोटात गारवा कसा राहतो, हे बघायला ते रानात तासन्‌तास उकिडवे बसायचे. खालून गार हवा आत येते, तापलेली वरून निघून जाते. गावी परतून त्यांनी तशीच शाळा बांधली. जाड मातीच्या भिंती, पायथ्याला भोकं, माथ्यावर धुराडं आणि एकच दार. भिंतींची माती मजुरीला आलेल्या तानुबाईनं तुडवली, आणि तिची लेक मनकर्णा तिथंच अप्पांकडं बाराखडी शिकली. आधी लोक हसले. उन्हाळा लागल्यावर मात्र हसणारेच दुपारी तिथं येऊन लवंडू लागले. मग अप्पा त्यांनाही सोडत नसत. सुगरणीचं घरटं पुढं ठेवून विणकामाचा धडा सुरू.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अप्पा सेलूहून परतले तर गल्ल्या ओस पडलेल्या. वेशीवरच्या बसप्पानं सांगितलं, रझाकार निघालेत अशी खबर आली, म्हणून बायका-लेकरं शाळेत ठेवलीत.

"सिद्धम्मावैनी बी आतच हायेत. आतून आडणा घातलाय. मशाल टाकतील म्हणून भोकं, धुराडं, समदं चिखलानं बुजवलंय. काळजी करू नका."

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "कवा बुजवलं?"

"सकाळीच."

आता उन्हं कलायला आली होती. अप्पा पळत सुटले. दार बडवलं, बायकोला, सिद्धम्माला, हाका मारल्या. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, बाकी काही नाही. पहार घेऊन ते माथ्यावर चढले आणि आपल्याच हातानं बांधलेलं धुराडं फोडू लागले. भगदाड पडताच भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. खाली बसप्पानं भोकं मोकळी केली. बऱ्याच वेळानं आडणा निघाला. सिद्धम्मा भिंत धरत बाहेर आली. मागून लेकरं आली, ओकत, रडत. तानुबाई उठली नाही.

रझाकार त्या दिवशी वालूरला आलेच नाहीत.

अप्पा कितीतरी दिवस बोलले नाहीत. जेवायला बसवलं की बसत, उठवलं की उठत. पावसाळ्याच्या शेवटी निजामी गेली, गावानं साखर वाटली, तेव्हाही ते ओट्यावर नुसते बघत राहिले. तिथं मनकर्णा आली. तिनं विचारलं, "गुरुजी, भोकं उघडी ठेवली आस्ती तर माय वाचली आस्ती का?"

अप्पांचे ओठ हलले. "वाचली आस्ती. पण भोकं उघडी आन्‌ रझाकार आले आस्ते, तर समदेच गेले आस्ते. मी हवेचा इचार केला, पोरी. माणसाच्या भ्याचा न्हाई केला."

मनकर्णा ओट्याला टेकली. तिथंच बसून राहिली.

पुढं अप्पांनी गंगाखेडकडं दोन शाळा बांधल्या. दोन्हींना मागच्या बाजूनं पळायला दुसरं दार ठेवलं. वालूरच्या शाळेत मात्र ते परत शिकवायला गेले नाहीत. तिथला वर्ग ते लिंबाखाली भरवायचे.