वंशावळीतला करडा चौकोन

बाळ दुपारी झोपलं की तिला थोडा वेळ स्वतःचा मिळायचा, आणि तोही भरवशाचा नसायचा. भांडी सिंकमध्ये तशीच, कपडे दोरीवर तसेच, आणि ही जमिनीवर भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन पूर्वज हुडकत बसलेली. नवरा चेष्टेनं म्हणायचा, जिवंत माणसांना फोन करायला हिला सवड नाही, मेलेल्यांची मात्र रोज विचारपूस चालते. ती हसून सोडून द्यायची. त्या चेष्टेतली टाचणी तिला टोचली ती फार उशिरा.

वेबसाइट फुकटातली होती. जन्माच्या, लग्नाच्या जुन्या नोंदींचे फोटो कुणीकुणी काढून ठेवलेले, आणि ठिकठिकाणचे हौशी लोक ते किचकट अक्षर लावून टाइप करून द्यायचे. नाव घातलं की त्या नावाची ढीगभर माणसं समोर यायची. त्यातलं आपलं कोणतं, ते गल्लीवरून, धंद्यावरून, बायकोच्या नावावरून ओळखायचं. पणजोबा तिला असेच सापडले. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'खोगीर शिवणे'. खाली सही होती, आणि सहीचा शेवटचा फराटा थेट बाबा मारतात तसा वर वळलेला. ती इतक्या जोरात "अगंबाई" म्हणाली की बोका दचकून उठला आणि त्यानं भोकाड पसरलं. बोका म्हणजे बाळ. दूध पिताना डोळे मिटायचा, म्हणून पडलेलं नाव.

बाबा त्यांच्याकडेच राहायचे. त्यांचा वाढदिवस जवळ आला होता आणि तिनं मनाशी ठरवलं, की पणजोबांपासून बोक्यापर्यंतची वंशावळ मोठ्या कागदावर छापून, चौकट करून बाबांना द्यायची. बाबांना वस्तूंचं कौतुक कधीच नव्हतं, पण हे त्यांना आवडेल.

अडचण एकच आली. त्या साइटचा नियम असा, की मेलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना दिसतं, जिवंत माणसाचं नाही. जिवंताचं नाव हवं असेल तर त्याच्या फोनवर निरोप जातो आणि त्यानं होकार द्यावा लागतो. तोवर त्याच्या जागी करडा चौकोन, आणि आत नुसतं 'जिवंत व्यक्ती'. तिचा, नवऱ्याचा होकार झाला. बाबांच्या फोनवरून बाबांचाही तिनंच, त्यांच्या नकळत, देऊन टाकला. बोक्याच्या वतीनं तिनं दिला. राहिला एक चौकोन, बाबांच्या शेजारचा. आत्याचा.

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. बाबांची सख्खी थोरली बहीण, पण आजी गेल्यावर बाबांनी आजीचं शिलाईचं मशीन तिला न विचारता भंगारात घातलं, आणि तेव्हापासून दोघं बोलत नव्हती. विषय निघाला की बाबा म्हणायचे, ती मला मेली. म्हणायचे आणि लगेच उठून खिडकीशी जायचे.

बोका झाला तेव्हा आत्याकडून एक पार्सल आलं होतं. हातानं विणलेलं ब्लँकेट, पिवळ्या काठाचं, इतकं मऊ की बोका दुसऱ्या कशात झोपेना. फोन करून सांगायला हवं, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं. मग जागरणं आली, मग बोक्याचं पोट दुखायला लागलं, मग नुसतेच दिवस गेले. पुढेपुढे तर फोन हातात घेतला की वाटायचं, आता कोणत्या तोंडानं बोलायचं? बोका धरून उभा राहायला लागला, तरी तो फोन राहिलाच होता. आणि आता होकारासाठी करायचा म्हणजे कामापुरती आठवण झाली असंच दिसणार.

त्या दुपारी तिनं आत्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. दोन पर्याय आले: जिवंत, मृत. तिनं स्वतःला समजावलं की हे फक्त छापण्यापुरतं आहे, नंतर बदलता येतं, आणि बाबा तरी वेगळं काय म्हणतात? तिनं 'मृत'वर खूण केली. चौकोनात आत्याचं नाव ठसठशीत उमटलं. वंशावळ एकदम भरल्यासारखी दिसली. बोका कुशीवर वळला आणि पिवळा काठ त्यानं तोंडात घातला.

वाढदिवसाला शेजारचे चारजण आले होते. नवऱ्यानं केक आणला, बाबांनी कागद फाडून चौकट बाहेर काढली. पणजोबांची सही तिनं कोपऱ्यात छापून घेतली होती. ती पाहून ते स्वतःशीच हसले आणि हवेत तसाच फराटा मारून दाखवला. मग त्यांचं बोट ओळीओळीनं खाली उतरत आलं आणि आपल्या नावाशेजारी थांबलं. सगळ्या मेलेल्यांच्या नावापुढे छापली होती तशी बारीक काळी रेघ आत्याच्या नावापुढेही होती.

"ताई कधी गेली?" बाबांनी विचारलं.

हळूच विचारलं, फक्त तिलाच ऐकू जाईल असं. शेजारीण चौकटीचं कौतुक करत होती, नवरा सुरी घेऊन उभा होता. एका वाक्याचं काम होतं. बाबा, ती आहे, मी उगाच खूण केली. पण तेवढं बोलायला चारचौघांत तिची जीभ उचलेना, आणि तिच्या तोंडून आलं, "तारीख नाही मिळाली."

बाबांनी मान हलवली. केक खाल्ला, सगळ्यांशी बोलले, आणि डोकं चढलंय म्हणून लवकर खोलीत गेले. पाहुणे गेल्यावर ती सूप घेऊन त्यांच्या दाराशी गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांदा हलत होता. झोपले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि सूप परत नेलं.

सकाळी त्यांची खोली रिकामी होती, चपला दाराशी नव्हत्या. ती नवऱ्याला हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आत्याचं नाव होतं.

"तुझा बाप इथे येऊन बसलाय," आत्या म्हणाली, जणू परवाच बोलणं झालं होतं. "दुकान उघडायला आले तर हा पायरीवर. आता दुकानाचा नवीन मालक कोण आहे ते विचारायला आला होता म्हणे. मला बघून उठायला गेला तो मटकन खालीच बसला. हात धरलाय तो सोडेना, शटर मी एका हातानं वर केलं. काय झालंय गं? घरी सगळं बरं आहे ना?"

आणि तिनं काय विचारावं? "बाबा काय म्हणाले?"

"म्हणतो, स्वप्न पडलं. मी गेल्याचं."

म्हणजे बाबांनी तिला पाठीशी घातलं होतं. रात्रभर ज्याचं दुःख केलं ते खोटं निघालं, ते कुणामुळे हेही कळलं, आणि तरी त्यांनी पहिलं काम केलं ते लेकीवर पांघरूण घालण्याचं. तिनं नुसतं 'हो का' म्हटलं असतं तरी गोष्ट तिथेच मिटली असती. ती म्हणाली, "येते मी."

हाताला लागलं त्यात बोक्याला गुंडाळून ती बसमध्ये चढली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की ते तेच ब्लँकेट आहे.

दुकान म्हणजे एक खोली. दोरीवर चिठ्ठ्या टोचलेले कपडे, खिडकीशी मशीन, मशीनवर आत्या. चेहरा बाबांचाच, फक्त चष्मा जाड. बाबा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होते, शहाण्या मुलासारखे. तिला पाहून त्यांनी किंचित मान हलवली. बोलू नकोस.

ती बोलली. उभ्या उभ्या, बोक्याला कडेवर घेऊन, साइट, चौकोन, होकार, खूण, काल रात्रीचं सूप, सगळं. मध्येच बोक्यानं दोरीवरची एक बाही ओढली, ती सोडवायलाही तिला थांबवेना. आत्याचं मशीन चालूच होतं. पँटची टीप संपली तेव्हा तिनं दोरा तोडला.

"मी आहे हे ठाऊक होतं तुला."

"हो."

"ब्लँकेट पोचलं होतं."

"हो."

"जाऊ दे ना ताई," बाबा म्हणाले, "पोरीच्या हातून झालं..."

"तू बटणं बघ. मशीन घालवलंस तेव्हा विचारलं होतंस? हिनं कुणाकडून घेतलंय ते दिसतंय मला."

बाबांनी मान खाली घातली. तिचे कान तापले. बाबांच्या वाट्याचंही आपल्यामुळेच निघालं, हे तिला स्वतःच्या वाट्यापेक्षा जड गेलं.

"काढ ते," आत्या म्हणाली. "इथेच, माझ्यासमोर."

तिनं बोक्याला बाबांच्या मांडीवर दिलं आणि फोन उघडला. 'मृत' बदलून 'जिवंत' केलं तर साइटनं विचारलं, दुरुस्तीचं कारण लिहा. तिनं लिहिलं, 'चुकून'. आत्या चष्म्यावरून बघत होती. तिनं तो शब्द पुसला आणि लिहिलं, 'मी विचारलं नव्हतं.'

नाव गेलं. करडा चौकोन आला.

"आता असंच दिसणार?"

"जिवंत माणसाचं नाव दाखवत नाहीत, आत्या. तुझा होकार लागतो."

"बरंय," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्याकडे मी अशीच होते. नाव न घेता."

बाबांच्या हातातलं बटण डब्यात पडलं. तिला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कसंबसं विचारलं, "पाठवू का तुला निरोप? होकाराचा?"

आत्या उठून बोक्याजवळ गेली, त्याच्या मुठीतला पिवळा काठ सोडवून उजेडात धरला. कोपरा चघळून चघळून उसवला होता, टाके लोंबत होते. तिनं ते बोटानं चाचपले आणि ब्लँकेट ओढून घेतलं. बोक्यानं ओठ काढला, तर तिनं त्याच्या हातात रिकामं रीळ दिलं.

"हे राहू दे इथे," ती म्हणाली. दोरीवरची एक कोरी चिठ्ठी काढून तिनं ब्लँकेटला टोचली. "मंगळवारी तयार असेल. तू ये न्यायला. बापाला पाठवू नकोस."

"येते."

"तेव्हा विचार," आत्या म्हणाली आणि पुढची पँट मशीनवर ओढली.