भिवराबाईची वाटी

देवाच्या पंगतीला जायचं म्हणून भिवराबाईनं सकाळीच आपली पोचे पडलेली पितळी वाटी चिंचेनं घासून लख्ख केली आणि पदराखाली धरली.

“आत्याबाई, वाटी कावून घेतली?” तान्ह्या लेकीला खांद्यावर टाकत तिच्या सुनेनं, अंजनानं, विचारलं.

“मग? पंगतीला काय हात हालवत जायाचं?”

अंजना हसली. म्हातारी मात्र हसली नाही. मागच्या रविवारी ओढ्यात बाप्तिस्म्याची बुडी घेताना ती जराही भ्याली नव्हती. पण पाणी वेगळं आणि पंगत वेगळी. चौसाळ्यात कुणाचंही लग्न असो, वेशीबाहेरच्या वस्तीला आवतन असायचं, आणि वस्तीनं आपापली भांडी घेऊन उकिरड्याच्या कडेला बसायचं. गाव जेवून उठलं की वरून वाढायचे. निजामाचे अंमलदार बदलत, हा रिवाज बदलत नसे.

प्रार्थनेची खोली कुडाची, शेणानं सारवलेली. आज प्रभुभोजन होतं. नगरहून आलेले पाद्रीबाबा पुढं मांडी घालून बसले होते. समोर ज्वारीची भाकरी, भिजवलेल्या मनुकांचा रस आणि सगळ्यांत मिळून एकच पेला. अंजना बायकांत जाऊन बसली. भिवराबाई उंबऱ्याशी, वहाणांच्या ढिगाजवळ टेकली.

तेवढ्यात छबुबाई आली. ही पाटलाच्या भावकीतली विधवा. ख्रिस्ती झाली तेव्हा भावकीनं तिला दार बंद केलं होतं. हिच्याच लग्नात भिवराबाई दिवस मावळेस्तोवर हीच वाटी घेऊन बसली होती. पुढं जागा होती, तरी छबुबाईनं वहाणा सरकवल्या आणि भिवराबाईच्या पलीकडं, अगदी शेवटी, बसकण मारली.

“बाई, हितं कावून? पुढं बसा की.”

“बसू द्या हो. हितं वारं लागतंय.”

भाकरीचे तुकडे वाटून झाले. मग पेला निघाला. एकेकाचे ओठ लागत पाद्रीबाबांच्या हातून तो उंबऱ्यापर्यंत आला. भिवराबाईनं सवयीनं तोंड फिरवलं आणि वाटी लांब धरली.

“भिवराबाई, ओतायचं न्हाई. पेल्यालाच तोंड लावायचं,” पाद्रीबाबा म्हणाले.

“आन् माज्या मागं ह्या हायत, बाबा! त्यास्नी आदी द्या.”

“मी निस्ता वाढपी. आवतन येशूचं हाय, तुमच्या नावानं.”

भिवराबाईनं वाटी मागं घेतली. “बाई, तुमी बाटाल,” ती छबुबाईला हळूच म्हणाली.

“तुमी प्याल्याबिगर मला मिळत न्हाई बगा. किती ताटकळत ठिवता?”

ताटकळत! भिवराबाईला हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. वाटी खाली ठेवून तिनं दोन्ही हातांनी पेला धरला. “आले रं देवा,” असं पुटपुटून घोट घेतला. मग पदरानं कड पुसायला गेली, तर छबुबाईनं तिचा हात धरला आणि तिचे ओठ लागले होते तिथंच आपले लावले.

घरी जाताना भिवराबाई अर्ध्या वाटेत थबकली. “अगं, माजी वाटी ऱ्हायली!”

“आता कशाला हवी, आत्याबाई?”

“कशाला म्हंजे? पोरीला दूध पाजाया!” म्हणत ती लगबगीनं मागं वळली. छबुबाईला दुपारच्या भाकरीचं आवतन द्यायचंही राहूनच गेलं होतं.