तिकडचं अरोरा, इकडचं अरोरा

“काकू, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा आणि जोरात दाबा. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन...”

शैलजा अमेरिकेत, अल्फारेटातल्या आपल्या घरी बसून फोनवर दुभाष्याचं काम करायची. बारा वर्षं झाली. एरवी दातांच्या अपॉइंटमेंट, विम्याचे फॉर्म. आज दुपारी मात्र इमर्जन्सीचा कॉल आला. पलीकडे एक मराठी काकू. मुलगा-सून ऑफिसात, नवरा स्वयंपाकघरात कोसळलेला. इमर्जन्सीच्या ऑपरेटरने स्क्रीनवरचा पत्ता बघून विचारलं, “गाव अरोरा ना?” काकू म्हणाल्या, “हो, अरोराच.” लगेच अ‍ॅम्ब्युलन्स निघाली.

आता ऑपरेटर म्हणाला, अ‍ॅम्ब्युलन्सवाले दारात पोचलेत.

“काकू, दार उघडा.”

काकू धापा टाकत परत आल्या. “बाहेर कुणी नाहीये हो. नुसता रस्ता आणि ते डोंगर.”

शैलजा दचकली. ऑपरेटर इलिनॉय राज्यातला होता, सगळा सपाट मुलूख. तिथे कुठले डोंगर? दुभाष्याने मनाचं काही विचारायचं नाही, असा कंपनीचा नियम. तिने विचारलं.

“घर बदललंत का, काकू?”

“हो ना, मार्चमध्ये. तिकडेही अरोरा, इकडेही अरोराच. सून म्हणाली, लॅटिनमधला शब्द आहे, पहाट म्हणजे. इथे गावोगावी हेच नाव देतात म्हणे.”

घरच्या इंटरनेट फोनवर नोंदवलेला जुना पत्ता मुलाने बदललाच नव्हता; ऑपरेटरला तोच दिसत होता.

“घरात टपाल आलेलं असेल. पाकिटावर अरोराच्या पुढची अक्षरं वाचा. पटकन.”

कागदांची खसखस झाली.

“सी... ओ.”

म्हणजे कोलोरॅडो, दुसरंच राज्य. नवा ऑपरेटर, नवी अ‍ॅम्ब्युलन्स, पुन्हा एकपासून मोजणी. काकूंचा आवाज बसत चालला.

“ताई, हात उचलवत नाहीत आता.”

“थांबू नका, काकू. सात, आठ...”

माणसं आली तेव्हा पहिल्या फोनला बावीस मिनिटं झाली होती. बूट वाजले, यंत्रं वाजली, मग काहीच वाजेना. फोन स्पीकरवर होता. आलेल्यांतली एक बाई हलक्या आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ते मराठीत सांगणं शैलजाचं काम होतं.

“काकू, काका गेले.”



“ताई, त्यांना विचारा, पाणी घेता का. धावत आलेत बिचारे.”

शैलजाने एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत विचारलं.