उसना डोंगर

“बाई, कुंपणातली ती फट आता बुजवूनच टाका. पेशंटनी काय सिमेंट बघत बसायचं?”

इस्पितळाच्या मॅनेजरांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. समोर टोलेजंग इमारत उठत होती. पण बाईंना ते पटेना. जन्मभर त्यांनी चिक्कार बागा आखल्या, पण जीव अडकला तो या अंगणात. ही त्यांची पहिली बाग. मेंदीच्या उंच कुंपणात मधोमध एक खाच ठेवलेली, आणि तिच्यातून पलीकडचा डोंगर असा दिसायचा, की तोही बाईंनीच लावलाय म्हणावं!

ही विद्या परदेशातली. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी शिकवलं होतं, बाग कुंपणाशी संपवू नकोस, पलीकडचं चांगलं दिसेल ते उसनं घे. तरुण बाईंनी उसनं घेतलं ते भलतंच! तिथलं शेवाळ, तिथली नाजूक लाल पानांची झाडं. पहिल्याच उन्हाळ्यात सगळं करपून गेलं. फोनवर रडत सांगितलं, तर गुरुजी पोट धरून हसले.

“अगं वेडे, माझं शेवाळ कशाला नेलंस? तुमच्याकडे डोंगर नाहीत का?”

मग बाईंनी मान वर करून पाहिलं, तर डोंगर समोरच उभा! त्या दिवसाच्या आठवणीनं अजूनही त्यांना हसू यायचं.

मॅनेजर गेले. खाच पहिल्यापासून कापत आलेले माळीदादा कात्री घेऊन उभे होते.

“दादा, बुजवा म्हणतात.”

“बुजवू की. मला काय, एक काम कमी,” म्हणत दादांनी तोंड फिरवलं.

बाई स्टुलावर चढल्या. बांधून झालेल्या चौथ्या मजल्याच्या वर डोंगराचा माथा अजून शाबूत होता.

“दादा, खालून वाढू द्या. इमारत चढेल तेवढंच कुंपण चढवायचं. वरचं मोकळं ठेवायचं.”

“म्हणजे शर्यतच लावायची म्हणा!”

“हरणार आहोत आपण.”

“हरू की. पण त्यांना दमवून हरू.”

मग वर्षभर दोघांनी तेच केलं. इमारत एक मजला चढली, की दादा खाचेचा तळ वीतभर वर येऊ देत. बाई बाकावर बसून “अजून जरा, बास!” म्हणत. पेशंटना सिमेंट कधी दिसलंच नाही, दिसला तो डोंगरच, दर महिन्याला थोडा कमी. मॅनेजर पुन्हा काही बोलले नाहीत.

एका सकाळी दादांचा फोन आला.

“बाई, वरचा स्लॅब टाकला त्यांनी.”

“माथा?”

“नाही दिसत.”

गुरुजी असते तर बाईंनी त्यांनाच फोन केला असता.

“मग आज कापू नका, दादा. बुजू दे खाच.”

“बरं,” दादा म्हणाले. पण फोन काही ठेवला नाही. बाईंनीही नाही.