शकुनाचा एक

आमच्या जळगावच्या केळी संघातला संगणक सकाळी शहाण्यासारखा वागायचा आणि कामाची गर्दी झाली की रुसून बसायचा. बटण दाबल्यावर पडद्यावर माहिती यायला इतका वेळ लागे, की पडद्यासमोरच्या बेबाबाई तेवढ्यात कापसाची एक फुलवात वळून डब्यात टाकायच्या. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. यंत्र सांभाळायची नोकरी माझी, त्यामुळे तो डबा भरलेला दिसला की माझं डोकं फिरायचं.

संघाचे अध्यक्ष धनसिंग आबा चोपड्याकडचे. एकदा म्हणाले, "अकबरी, दसरा झाया की हाई यंत्र वापस धाडी देऊत." यंत्र गेलं की मीही घरी, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग मी यंत्राच्या मागेच लागले. आत काय चाललंय ते दाखवणारी आज्ञा देऊन आकडे बघत बसले. प्रोसेसर हातावर हात धरून बसलेला, आणि डिस्क बिचारी धापा टाकतेय! तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा डिस्कवरून ओढली जात होती. ती हाताशी ठेवायला मेमरीत जास्त कप्पे हवे होते. पण कप्पे किती, हे कर्नलमध्ये ठरतं. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. त्याच्या हुकमाशिवाय आत पानही हलत नाही. तो नवा बसवायचा तर यंत्र बंद करायला हवं, आणि भर हंगामात ते बंद करू कोण देणार?

खंडेनवमी देणार! त्या दिवशी अवजाराला विश्रांती आणि पूजा. आदल्या दिवशी मी नवा कर्नल बांधायला घेतला, तर आबा मागे येऊन उभे. मी कप्प्यांचा आकडा घातला, एक हजार चोवीस.

"शुभ कामले असा आकडा? वर एक ठेव," आबा म्हणाले. आहेर असो की देणगी, त्यांचा वर एक ठरलेला. एका कप्प्याने काय बिघडतंय, म्हणून मी चोवीसचे पंचवीस केले. जुना कर्नल मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवला.

खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला आणि आबांनी स्वतः बटण दाबलं. पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि खाली शब्द आला, पॅनिक, म्हणजे यंत्राच्या गाभ्यानेच हाय खाल्ली. पुढे काहीच हलेना.

"मरी गयं का हाई?" आबांनी विचारलं.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कोणता गाभा हवा, असं यंत्राने विचारताच जुन्याचं नाव टाइप केलं. क्षणभर अंधार, आणि मग टेबलाटेबलावरचा एकेक पडदा उजळत गेला. सगळ्यांनी हात जोडले. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी अंगावर काटा आला.

"जुनं जपी ठेयेल व्हतं म्हनीसन वाचनं," आबा पुटपुटले.

चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. दोन, चार, आठ, सोळा असा दुपटीने वाढत जाणारा आकडाच तिथे चालतो. एक हजार चोवीस त्यातलाच होता. शकुनाचा एक काही त्याला पचला नाही. मी तो काढला, कर्नल पुन्हा बांधला, यंत्र सुरू केलं. या वेळी ते निमूट उठलं.

"एकबी जास्तीना चालत नही याले?" आबा देवळात बोलावं तसं हळू बोलले.

दसरा झाला. पहिल्याच दिवशी गर्दी उसळली, तेव्हा आबा बेबाबाईंच्या मागे उभे होते. बाईंनी बटण दाबलं आणि सवयीने हात कापसाकडे नेला. पडदा भरलेला होता. पुन्हा दाबलं, पुन्हा भरला. चिमटीतला कापूस तसाच राहिला. सगळे टकामका बघत होते. माझे तर डोळेच भरून आले.

आबांनी बेबाबाईंचा डबा उघडून पाहिला. आत एकही वात नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आते हाई यंत्र आठेच ऱ्हाई," ते टेबलावर बोट टेकवून म्हणाले. "आन पोरी, तूबी."