छतालगतची दांडी

सून आंघोळीला शिरली, की मुलगा चहाचं आधण ठेवी आणि ते उकळेपर्यंत विमान उतरवी. विमान म्हणजे म्हातारीच्या पलंगावर, अगदी छतालगत, आडवी टांगलेली कपड्यांची दांडी. तिची दोरी दोन कप्प्यांवरून फिरून भिंतीतल्या खुंटीला बांधलेली असे. ‘‘उतरतंय बरं का, डोकी सांभाळा!’’ असं तो रोज म्हणे, आणि म्हातारी रोज पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे सरके. दांडीवर तिघांचेही कपडे होते. एका हँगरच्या गळ्यात दुसरा, दुसऱ्याच्या गळ्यात तिसरा, अशा त्याने साखळ्याच केल्या होत्या. ओले केस पुसत सून येई, तिकीट खिडकीवरच्या नोकरीचा निळा कोट काढून घेई आणि विचारी, ‘‘आई, तुम्हाला कोणता देऊ?’’ म्हातारी तपकिरी नाहीतर राखाडी झगा सांगे. मग दांडी कुरकुरत वर जाई, आणि घरात चालायला वाट होई.

घर म्हणजे एक खोली आणि तिच्याच कोपऱ्यात ओटा. कपाटाला जागा नव्हती. मुलाचा धंदाच अशा घरांतून कपडे टांगण्याच्या सोयी करून देण्याचा. आई कायमची राहायला आली, तेव्हा त्याने हे विमान खास तिच्यासाठी म्हणून केलं होतं, आणि अजूनही एखादं गिऱ्हाईक घेऊन तो ते दाखवायला येई. ‘‘माझ्या आईचे सगळे कपडे वर मावलेत, बघा,’’ असं तो सांगे, तेव्हा पलंगावर बसलेली आई मान हलवी. आयुष्यभर धुलाईच्या दुकानात इस्त्री फिरवून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. आपले कपडे आपल्या हाताला लागत नाहीत, हे मात्र तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. लेकराच्या कौतुकावर पाणी कुठे टाकायचं!

त्या दिवशी दुपारी तिला त्याच खांद्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. चांगला झगा काढून ठेवते, असं सून आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. पण सकाळी सुनेला कामावर लवकर बोलावल्याचा निरोप आला, चहा उतू गेला, आणि त्या धांदलीत दांडी वर गेली ती गेलीच. म्हातारीच्या हे ध्यानात आलं, तेव्हा दोघं चपला शोधत होती. सून घड्याळाकडे बघून ‘‘मेले आज!’’ म्हणत होती. आता कुठे थांबवायचं, असं म्हातारीला वाटलं. एक झगाच तर काढायचा, काढू आपला आपण.

गाठ सुटली नाही. तीन माणसांचं ओझं घसरू नये म्हणून मुलगा कामावरची दुहेरी गाठ मारत असे. डाव्या हाताची नखं दुखावली, मग तिने दातांनी ओढून पाहिलं. खुर्चीवर चढायचा विचार आला आणि पडलो तर, या भीतीने गेला. शेवटी केरसुणीच्या दांड्याने ती खालून झगा ढोसत राहिली. झगा हलत होता, पण हँगर सोडत नव्हता. विटक्या, खांद्यावर ठिगळ लावलेल्या गाऊनवर रस्त्यात जायची तिची छाती झाली नाही. तिने दवाखान्यात फोन करून बरं वाटत नसल्याचं सांगितलं. पलीकडची बाई पुढच्या महिन्याची तारीख देऊन मोकळी झाली.

संध्याकाळी मुलाने आल्या आल्या विचारलं, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’

‘‘गेले नाही रे. निघवलं नाही.’’

सुनेचं लक्ष गाऊनकडे गेलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. ‘‘अगं बाई, मी झगा काढलाच नाही! आई, हाक तरी मारायची होती.’’

‘‘तू खाली रस्त्यावर पोचली होतीस,’’ म्हातारीने थाप मारली.

‘‘आणि तुझी ती गाठ!’’ सून नवऱ्यावर उलटली. ‘‘मला सुटत नाही, त्यांना काय सुटणार? हत्ती बांधतोयस का?’’

‘‘सैल बांधली असती तर आईच्याच डोक्यात आली असती. मी मोटर बसवतो. बटण दाबलं की खाली.’’

‘‘बसव. माझ्या डोक्यावर बसव, तेवढीच जागा उरलीय.’’

म्हातारीला हसू आलं. त्या हसण्याच्या आधाराने ती म्हणाली, ‘‘दारामागे एक खुंटी मिळाली मला तर पुरे होईल रे.’’

मुलाने लगेच टेप काढली. दारामागे सुनेचा रेनकोट आणि ड्रिलची पिशवी होती. आणखी काही लावलं तर दार उघडणार नव्हतं. खिडकीखाली पलंग. पलंगाखाली पाइप, ब्रॅकेट, गाद्या. ओट्याजवळ गॅसची आच. तो प्रत्येक भिंतीपाशी टेप धरून उभा राहिला आणि प्रत्येक ठिकाणी ती सर्रकन आत जाऊ दिली. मग पलंगाच्या कडेला बसला. ‘‘लोकांच्या घरात मला जागा सापडते, आई,’’ एवढंच तो बोलला. तो खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. म्हातारीने डाव्या हाताने त्याची पाठ थोपटली.

सकाळी दांडी खाली आली. सून आंघोळीत होती आणि मुलगा पलंगाकडे पाठ करून फोनवर गिऱ्हाइकाला पत्ता विचारत होता. म्हातारीने एकेका हँगरवरून आपले कपडे सोडवले: थंडीचा कोट, लोकरीची जाकिटं, सासरी असलेल्या लेकीने दिलेला रेशमी झगा, एकदाही न घातलेला. तपकिरी आणि राखाडी झगा तिने घडी करून उशीच्या अभ्र्यात सरकवला. बाकीचे पिशवीत भरून पांघरुणाखाली लोटले.

सुनेने आपला कोट काढून घेत विचारलं, तेव्हा ‘‘माझा मी काढून ठेवलाय,’’ असं तिने सांगितलं. मुलाने दोरी ओढली. ‘‘आज हलकं जातंय विमान,’’ तो खूश होऊन म्हणाला. ‘‘रात्री कप्प्यांना तेल घातलं ना, त्याचा गुण.’’

‘‘हो ना,’’ ती म्हणाली, ‘‘आवाजही करत नाही.’’

दोघं गेल्यावर तिने अभ्र्यातून राखाडी झगा काढून अंगात घातला. पिशवी डाव्या हातात धरली. जिन्यात दर वळणावर टेकत ती खाली उतरली. गल्लीच्या तोंडाशी जुने कपडे टाकायची पेटी होती. तिचं तोंड उंचावर होतं, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोरीला तिने हाक मारली.

‘‘बाळ, एवढं आत टाकतेस? माझा हात पोचत नाही.’’