जोडकार्डाचा कोरा अर्धा

बुधाजी आजोबांच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे साईनाथला हळदीच्या पाटावर बसल्यावर पुन्हा आठवलं. तसा तो कधी विसरला नव्हता. पण पाटावरून उठून जाता येत नाही, आणि आजोबा समोरच्याच खुर्चीत बसले होते.

बुधाजी म्हणजे नवरीचे, नम्रताचे आजोबा. राहणार दहिवली. घरची भातशेती, पण सगळी हयात पोस्टात गेली. साखरपुडा झाल्यावर त्यांनी साईनाथला एक जोडकार्ड धाडलं होतं. एका अर्ध्यावर मजकूर. दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा, त्यावर त्यांचा पत्ताही आधीच घातलेला. मजकूर असा होता :

'चि. साईनाथ यास आशीर्वाद. तू काय काम करतोस असे नम्रताला विचारले. ती म्हणाली, दिसत नाहीत अशी यंत्रे सांभाळतो. मला काही उमजले नाही. स्वहस्ते खुलासा लिहून टपालाने पाठवावा. तो आल्याशिवाय मी लग्नाला येणार नाही.'

नम्रताने तिकडून बजावलं होतं, "आजोबा मांडवात नसले तर मी रडत उभी राहीन. मग फोटो कसे येतील ते बघ."

साईनाथ रोज लिहायला बसे. कुंभिवलीजवळच्या डेटा सेंटरमध्ये तो व्हर्च्युअल मशीनं सांभाळी. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अशी वीस-वीस यंत्रं चालत. डोळ्यांना दिसत नसत, पण बंद पडली की गिऱ्हाइकाच्या बोंबा बरोबर ऐकू येत. त्यांना दर महिन्याला दुरुस्तीचे पॅच लावायचे, आणि लावण्याआधी, काही बिनसलं तर मागे येता यावं म्हणून, मशीन आहे तसं टिपून ठेवायचं. याला म्हणत स्नॅपशॉट. पॅच नीट बसला की ती टिपलेली प्रत उडवायची असते. साईनाथच्या हातून तेवढंच होत नसे. न जाणो, लागला तर? पत्राचंही तसंच. एक कच्चा मसुदा झाला की तो जपून ठेवून दुसरा. मसुद्यांनी खण भरला आणि कार्ड कोरंच राहिलं.

आज हळद, उद्या लग्न.

"आजोबा, उद्या येताय ना?" साईनाथने पाटावरून हळूच विचारलं.

"उष्टी हळद न्यायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं, म्हणून आलो," आजोबा म्हणाले. "लग्नाचं येगळं हाय. माझी टपालाची पेटी अजून रिकामी हाय."

सोनुबाई आत्याने भाच्याच्या तोंडावर हळदीचा आणखी एक थर चढवला. तेवढ्यात फोन वाजला. साईनाथचे हात माखलेले, म्हणून आत्यानेच फोन उचलून आवाज मोठा केला.

"साईदादा, मेलो!" पलीकडे डेटा सेंटरमधला स्वप्नील होता. "आपलं स्टोरेज भरत आलंय. जुन्या स्नॅपशॉटांनी फुगलंय. रसायनीच्या कारखान्याचे गेटपास आपल्याच मशीनवर निघतात. ते अडकलं तर टँकरची रांग हायवेपर्यंत येईल!"

"अगं बाई, मग वऱ्हाडाच्या गाड्या कुठून येणार?" आत्या म्हणाली.

साईनाथने लॅपटॉप मागवला. तो उघडायचा मालकाचं तोंड बघून. त्याने साईनाथकडे पाहिलं, आणि हा आपला माणूस नव्हे असं कळवलं. बोट लावलं, तर बोटही नाकारलं.

"आत्या, जरासं तोंड धुतो."

"हात लावून बघ तोंडाला! उद्याच्या आंघोळीपर्यंत हळद उतरायची नाय. लॅपटॉपला म्हणावं, ओळख ठेव रं जरा."

लॅपटॉपने पुन्हा तोंड नाकारलं आणि स्वतःला कुलूप घालून घेतलं.

"दादा, मी उडवतो," स्वप्नील म्हणाला. "तुमी फक्त हो म्हणा. पण लौकर! हे उडवायलाही थोडी जागा शिल्लक लागते. नावं वाचू? 'असू दे'. 'असू दे दोन'. 'असू दे पक्कं'. 'राहू दे जरा'…"

मांडवात कोणीतरी खुदकन हसलं. बँजोवाले वाजवायचे थांबून ऐकू लागले.

"त्या… त्या उडव," साईनाथ म्हणाला.

"आता शेवटची. 'नम्रताला पाहायला गेलो त्या दिवशीची'."

आता मात्र सगळा मांडव हसला. साईनाथचं तोंड लाल झालं असावं. हळदीखाली दिसलं नाही.

"ती असू दे की रं," तो पुटपुटला.

"दादा, तीच सगळ्यांत फुगलीय!"

"पाहणं झालं, साखरपुडा झाला, उद्या लगीन हाय," आत्या कडाडली. "आता मागं फिरून कुठं जाणार हायेस?"

साईनाथने डोळे मिटले. "उडव," तो म्हणाला. मग, आजवर कोणी त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता, असा ओरडला, "सगळं उडव!"

पलीकडे कीबोर्डाच्या कळा वाजत राहिल्या. मग स्वप्नीलचा सुस्कारा आला. "जागा झाली, दादा. मशीनं चालतायत. हळदीच्या शुभेच्छा."

बँजो पुन्हा सुरू झाला. साईनाथने खणातलं कार्ड आणवलं. मसुदे आणू का, असं आणणाऱ्याने विचारलं. नको म्हणाला. पाटावरच कार्ड मांडीवर घेतलं आणि सरळ लिहून टाकलं :

'आजोबा, साष्टांग नमस्कार. आत्ता फोनवर ऐकलंत तेच माझं काम. एका यंत्रात पुष्कळ यंत्रं बिऱ्हाडासारखी राहतात. मी त्यांची डागडुजी करतो. आधीचं कसं होतं ते टिपून ठेवतो, आणि नवं नीट बसलं की जुनं टाकून देतो. हे शेवटचं आजच शिकलो. उद्या यावं. आपला, साईनाथ.'

कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटला. तो खोडायचा कसा, हे त्याला सुचलं नाही.

त्याने कार्ड आजोबांपुढे धरलं. आजोबांनी हात मागे घेतले.

"हातात दिली ती चिठ्ठी. पेटीत टाक."

"पण आजोबा, ते पोचेपर्यंत लग्न होऊन जाईल!"

"आमच्या खात्यात पेटीत पडलं ते पोचलंच समजतात. चल, मी येतो संगती. हळदीच्या नवऱ्यानं एकट्यानं फिरू नये."

एका हातात दृष्ट लागू नये म्हणून दिलेली लिंबू खोचलेली सुरी, दुसऱ्या हातात कार्ड, असा पिवळाधमक साईनाथ रस्त्यापलीकडच्या लाल पेटीकडे निघाला. मागून आजोबा, त्यांच्यामागे आत्या, आणि तिच्यामागे वाजवत बँजोवाले. रसायनीकडून आलेल्या एका टँकरने थांबून वाट दिली.

पेटीच्या तोंडाशी साईनाथ थबकला. "एकदा वाचून बघू का?"

"साईनाथ!" आजोबा म्हणाले.

त्याने कार्ड सोडलं. आत पडल्याचा आवाज झाला. आजोबांनी पेटीवर दोनदा थाप मारली आणि विचारलं, "उद्या मुहूर्त किती वाजता हाय?"